तेलबंदीचे पाच महिने

माझा स्वभाव तापट आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, भोगणाऱ्यांना विचारा. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मी बावीस वर्षं मशीन चालवतो. तिथल्या गडगडाटात ओरडूनच बोलावं लागतं आणि ती सवय बिरसी विमानतळाकडच्या आमच्या गावी, घरी पोचल्यावरही सुटत नाही. बायको म्हणते, तुम्ही पाणी मागितलं तरी भांडण वाटतं. खरं आहे तिचं. पण त्या वर्षी जे झालं त्यात माझ्या आवाजाइतकाच माझ्या अकलेचाही वाटा होता, आणि ती अक्कल मी मिलमधूनच आणली होती.

धान भरडलं की आधी तूस निघतो. मग तांदळाला पॉलिश देताना जो बारीक, पिवळट भुगा निघतो तो कोंडा. या कोंड्यात तेल असतं. मूठभर हातात घेऊन दाबला तर तळवा ओशट होतो. तेल काढणाऱ्या कारखान्यांचे ट्रक तो घेऊन जातात, पण ट्रक यायला उशीर झाला की पोती थप्पीला पडून राहतात, आणि तीन-चार दिवसांत पोत्याचं बारदान बाहेरून काळपट, चिकट होतं. हमालांचे खांदे तेलकट होतात. आत जे भरलंय तेच पोत्याच्या अंगावर येतं, हे मी बावीस वर्षं रोज पाहिलं होतं. पुस्तकात वाचलेलं माणूस विसरतो, डोळ्यांनी पाहिलेलं विसरत नाही.

आम्हाला एकच मुलगी. दहावीपासूनच तिचा चेहरा तेलकट झाला होता. सकाळी धुतलेलं तोंड दुपारपर्यंत चमकायला लागे, गालांवर पुटकुळ्या, हनुवटीवर लाल गाठी. उन्हासाठी पोरी आमच्याकडे स्कार्फ बांधतातच, पण ही वर्गातही सोडत नसे. बारावीच्या वर्षी दिवाळीच्या आधी एका घरी वास्तूच्या जेवणाला गेलो होतो. तिथे बायकोच्या नात्यातली एक बाई पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाली की या पोरीच्या तोंडावर भजी तळून निघतील. लोक हसले. माझी पोरगीही हसली. घरी आल्यावर मात्र ती मोरीत बसून साबणाने तोंड घासत राहिली, एकदा, दोनदा, तीनदा, कातडी लाल होईपर्यंत.

त्या बाईला बोलायची मला सोय नव्हती. सासुरवाडीची माणसं, उद्या तोंड दाखवायचं असतं. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं. मी स्वयंपाकघरात गेलो, तेलाचा डबा उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि सांगितलं की उद्यापासून या घरात तेल बंद.

बायको आधी गंमत समजली. मग तिने विचारलं, "तेलाबिगर भाजी कशी करू? पोरगी वाढाच्या वयात हाय, तिले कायले असं मारून राहिले?"

मी तिला पोत्याची गोष्ट समजावून सांगितली. आत तेल घालणं थांबवलं की बाहेर येणं थांबेल, इतका सरळ हिशोब. ती म्हणाली, पोरगी माणूस हाय, पोतं नोहे. मी आवाज चढवला. आमच्या घरी माझा आवाज चढला की विषय संपतो आणि त्याला मी आपलं जिंकणं समजत आलो होतो.

खरी गोष्ट अशी की पोरगी माझ्या बाजूने होती. तिला वाटलं, चला, बाबांनी काहीतरी उपाय तरी शोधला. ती आईला म्हणाली की बाबा बरोबर बोलतात, मोबाइलवरही तसंच सांगतात. तिच्या डोळ्यांतला तो विश्वास आठवला की आजही मला स्वतःची चीड येते.

तर तेल बंद झालं. फोडणी बंद, पापड बंद. दाण्याची चटणी, तीळ, खोबरं, अंडी, सगळं गेलं. दूध आलं तर साय काढून. दिवाळीत शेजारच्यांनी फराळाचं ताट पाठवलं ते मी तसंच्या तसं परत केलं, आणि शेजारीण पुढे महिनाभर आमच्याशी बोलली नाही. पोरीचं जेवण म्हणजे भात, कोरडी पोळी, पाण्यात शिजवलेली भाजी, पातळ वरण. भूक लागली की मुरमुरे आणि दोन चमचे साखरेचा काळा चहा. त्याला माझी हरकत नव्हती, साखरेत कुठे तेल असतं?

ती भराभर वाळत गेली. कुडते खांद्यावरून उतरायला लागले. लोक म्हणाले, पोरगी चवळीची शेंग झाली. मी मनात मिशीला पीळ दिला. चेहरा मात्र होता तसाच. दुपार झाली की कपाळ चमके, नाक चमके, गाठी एक बसली की दुसरी वर येई. आता हिशोब सरळ असताना उत्तर चुकत असेल तर काय समजायचं? मी समजलो की कोणीतरी लबाडी करतंय. कॉलेजच्या फाटकाशी समोशाची गाडी उभी राहते, तिथे ही खात असणार.

मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. तिच्या मैत्रिणीला रस्त्यात थांबवून विचारलं. आणि एका संध्याकाळी ती दारातून आत येताच मी तिचा हात धरला आणि तिची बोटं हुंगली. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून काय करू? बोटांना पेनाच्या शाईचा वास येत होता. तिने हात सोडवून घेतला नाही. मी सोडेपर्यंत तशीच उभी राहिली.

त्यानंतर तिनेच स्वतःवर पहारा सुरू केला. ताटातल्या पोळीवर बोट फिरवून बोट उजेडात धरून पाहायची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली नाही. आईने एकदा गुपचूप वरणात चमचाभर तूप टाकलं तर वरणावरचा तवंग बघून उठून गेली. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

असे पाच महिने गेले. मग अर्जुनी मोरगावला माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं. मी त्या घरचा जावई. आमच्याकडे जावयाने लग्नात हात आखडून जेवणं म्हणजे घराचा अपमान, आणि जावयाच्या लेकराने वाढलेलं नाकारणं म्हणजे तर मामाच्या तोंडावर मारणं. दुपारच्या पंगतीत मामा स्वतः उडदाचे वडे घेऊन आला आणि भाचीच्या पत्रावळीवर चार वाढले. कढईतून आत्ताच काढलेले, तेल निथळणारे. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चार लोक पाहत होते. मी म्हणालो, खा आज, काही होत नाही.

तिने चारही वडे खाल्ले. इतक्या घाईने की मामा खूश होऊन आणखी दोन वाढून गेला, तेही संपवले. मी पाहत होतो आणि माझ्या मनात काय आलं सांगू? दया आली नाही. राग आला. पाच महिन्यांची मेहनत हिने एका पंगतीत पाण्यात घातली, असं वाटलं.

तासाभरात बायको मला शोधत मांडवात आली. पोरगी मागच्या खोलीत चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला होता आणि कळ पाठीमागून खांद्यापर्यंत जाते म्हणत होती. दोनदा ओकली होती. घामाने केस कपाळाला चिकटले होते. मी म्हणालो की गॅस झाला, जिभेचे चोचले पुरवले की असंच होतं. ओवा आणि मीठ आणून दिलं. ते चावता चावता ती मला हळूच म्हणाली, "बाबा, आता हे सारं तोंडावर येते का?"

पोट फाटत होतं आणि ती तोंडाचं विचारत होती. तेव्हाच मी जागा व्हायला हवा होतो. मी म्हणालो, येईल तेव्हा पाहू.

संध्याकाळी कळ थोडी उतरली, म्हणून मी डॉक्टरकडे नेलं नाही. लग्नघरी कशाला तमाशा, असा विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गोंदियाला निघालो. गाडीत ती खिडकीशी बसली होती आणि ऊन सरळ तिच्या चेहऱ्यावर येत होतं. बायको तिच्याकडे पाहत होती, मग तिने मला कोपराने ढोसलं. पोरीच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत होता. बायको माझ्या कानाशी म्हणाली की सकाळी पोरीला लघवीही चहासारखी झाली, तिने आत्ताच सांगितलं. गोंदिया यायला अजून बरीच स्टेशनं होती आणि गाडी मध्येच सिग्नलला थांबली. माझ्यासारख्या माणसाला ओरडायला कोणी तरी लागतं. तिथे कोणी नव्हतं, म्हणून मी दारात जाऊन उभा राहिलो आणि रुळांकडे पाहत राहिलो.

स्टेशनवरून घरी न जाता ऑटो सरळ एका दवाखान्यात नेला. तिथल्या सर्जन वयस्क बाई होत्या, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलणाऱ्या, गोंदियाच्या रीतीप्रमाणे. त्यांनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली, रक्त काढलं आणि आम्हाला बाजूला बोलावलं. पित्ताच्या पिशवीत बारीक बारीक खडे होते. त्यातला एक सरकून पित्ताच्या नळीत अडकला होता, म्हणून कावीळ. खडा आपोआप खाली उतरला तर ठीक. ताप आला किंवा उतरला नाही तर ताबडतोब नागपूर, कारण तुंबलेल्या पित्तात पू झाला की जिवावर बेततं. हे त्यांनी पोरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं. मग चेहऱ्यावर काही न दाखवता तिच्या पलंगाशी जाऊन प्रश्न विचारायला लागल्या.

इतक्या लहान वयात खडे का? आमच्या भागात हा प्रश्न आला की डॉक्टरांच्या मनात पहिला येतो तो सिकलसेल. आई आणि बाप दोघांकडून रक्तातून येणारा आजार. त्यात लाल पेशी तुटत राहतात आणि त्यांच्या रंगाचे खडे होतात. शाळेत तपासणी झाली होती पण कार्ड कुठे ठेवलं ते कोणालाच आठवेना. बाईंनी पुन्हा रक्त पाठवलं, रिपोर्ट उद्या. मग विचारलं की जेवण कसं आहे, इतक्यात वजन कमी झालंय का.

मी म्हणालो, घरचंच साधं जेवण आहे.

बायको माझ्याकडे पाहत राहिली. आणि पलंगावरून पोरगी म्हणाली, "मीच कमी खाते, मॅडम. माझ्याच मनानं."

बापाने जन्मभर ओरडायचं आणि बोलायच्या वेळी गप्प बसायचं, असा तो दिवस.

ती रात्र आणि दुसरी सकाळ मी व्हरांड्यातल्या बाकावर काढली. नर्स तासातासाला ताप मोजत होती. दर वेळी ती बाहेर आली की मी तिच्या तोंडाकडे पाही. आणि त्या बाकावर बसून मी एक मागणं मागितलं, जे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मी मागितलं की सिकलसेलचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ दे. पोरीला जन्मभराचा आजार निघू दे. रक्तातला आजार असला की दोष कोणाचाच नसतो, नशिबाचा असतो. कुलूप लावलेलं कपाट मग कोणी उघडून पाहणार नाही. बाप असून मी हे मागितलं, आणि क्षणभर नाही, चांगला घटकाभर मागत बसलो.

रिपोर्ट साफ आला. बायको पदर तोंडाला लावून रडली, देवाचे आभार मानले. सर्जनबाई केबिनमध्ये जात होत्या, त्यांच्या मागोमाग मी आत गेलो आणि उभ्या उभ्या म्हणालो, "मॅडम, तिनं नाही ठरवलं. पाच महिन्यांपासून मीच तिचं तेल बंद केलं हाय. तोंड तेलकट होते म्हणून."

मला वाटलं त्या झापतील. झापलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि एका चिठ्ठीच्या पाठीवर जठर, यकृत आणि मध्ये लटकलेली छोटी पिशवी असं चित्र काढलं. खाल्लेलं तेल जठरात फारसं बदलत नाही, म्हणाल्या. ते पुढे लहान आतड्यात उतरतं. तिथे त्याला पित्त भेटतं. खरकट्या कढईला साबण लावला की तेलाचे बारीक थेंब होऊन सुटतात, तसं पित्त त्याचे थेंब करतं. मग स्वादुपिंडाचा रस त्या थेंबांना आणखी फोडतो, आतडं ते शोषून घेतं, नव्याने बांधून रक्ताकडे पाठवतं. तिथून शरीर ते जाळतं, वापरतं, उरलेलं साठवतं. कढईतलं तेल कढईतलं तेल म्हणून कुठेच पोचत नाही.

मी त्यांना पोत्याचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पेनाचं टोक पिशवीच्या चित्रावर ठेवून म्हणाल्या, "ये थैली तब दबती है जब खाने में चिकनाई आती है. आपने चिकनाई ही बंद कर दी. पित्त पड़ा रहा, गाढ़ा हुआ, जम गया."

वजन झपाट्याने उतरलं की खडे व्हायला आणखी मदत होते, हेही त्यांनी सांगितलं. मग प्रामाणिकपणे म्हणाल्या की फक्त यानेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, काहींचा कलच असतो, पण तुम्ही हातभार लावला एवढं नक्की. वडे खाल्ल्यावर पाच महिने निजलेली पिशवी एकदम आवळली गेली आणि खडा नळीत ढकलला गेला.

आणि चेहरा? मी विचारलं. त्याचं तेल कातडी स्वतः बनवते, म्हणाल्या. कातडीत बारीक ग्रंथी असतात, या वयात शरीरातले हार्मोन त्यांना हाकतात, आणि किती तेल बनवायचं ते बरंचसं आईबापांकडून येतं. खाण्याने कोणाकोणाला फरक पडतो, पण तो जास्त साखरेच्या, मैद्याच्या खाण्याने, काहींना दुधाने. दिवसातून दहादा साबण घासला की कातडी चिडते ती वेगळीच. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिथेच थांबली. मी शर्टच्या बाहीने कपाळ पुसलं. तरुणपणापासून माझं तोंड असंच ओशट. मी आजवर ते कोंड्याचं समजत होतो.

तिसऱ्या दिवशी पोरीची कळ गेली, डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला लागला. खडा सरकला होता. नागपूर टळलं. पुढच्या आठवड्यात तिथेच दुर्बिणीने ऑपरेशन करून पिशवी काढून टाकली. पिशवीविना माणूस जगतो, पित्त यकृतातून थेंब थेंब सरळ आतड्यात येत राहतं, म्हणून सुरुवातीला थोडं थोडं खायचं, पण तेल अजिबात तोडायचं नाही, असं बाईंनी पोरीला बजावलं. पोरगी मान डोलवत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहत होती.

घरी आल्यावर चार दिवस पेज झाली, मऊ भात झाला. पाचव्या दिवशी बायकोने वांग्याच्या भाजीला फोडणी दिली. घरात कितीतरी महिन्यांनी मोहरी तडतडली. तिघं जेवायला बसलो. पोरीने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, उचलला, आणि तो तोंडाजवळ धरून माझ्याकडे पाहिलं.

"खाऊ, बाबा?"

अठरा वर्षांची मुलगी. पोटावर टाके. माझे शब्द बाहेर पडले ते नेहमीसारखेच मोठ्याने पडले. "मले काऊन इचारते? खाय ना."

तिने घास ताटात ठेवला. बोट भाजीवरून फिरवलं आणि ते बोट उजेडाकडे धरलं. मी पुन्हा म्हणालो, हळू आवाजात म्हणायचा प्रयत्न केला, पण मला ते येत नाही. तिने हात मांडीवर घेतले आणि खाली पाहत बसून राहिली. ताटातली भाजी निवत होती.

बायको माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी जरासक बाहेर जा."

मी ताट तसंच ठेवून उठलो. हात धुतले नाहीत. अंगणात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. वर बिरसीच्या शिकाऊ पायलटचं विमान घिरट्या घालून राहिलं होतं, ते लांब गेलं. मग आतून बायकोचा आवाज आला, "गेले ते. खाय आता." मग ताट ओढल्याचा आवाज आला, आणि माझी मुलगी जेवायला लागली.